अंबरपेठेतला बावीस वॅटचा वाद

आषाढातला रविवार होता. अंबरपेठच्या महाकाली मंदिराकडून बोनालूची वाजंत्री ऐकू येत होती आणि मामांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीची काच त्या ठेक्यावर थरथरत होती. मी फोनवरचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. काळी पेटी, चंदेरी जाळी, वरच्या पट्टीवर नऊ बटणं. फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब. पंधरा वर्षं गिटार वाजवतोय आणि पंधरा वर्षं ही पेटी डोक्यात आहे. आता पैसे साठले होते.

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. किंमत विचारली नाही.

"व्हॉल्व्ह किती?"

"नऊ."

"वॅट?"

"बावीस."

"नऊ व्हॉल्व्ह जाळून बावीस वॅट." त्यांनी फोन परत केला. "बाबा रे, ज्या कटकटीतून सुटायला मी अर्धी हयात घालवली, ती तू लाखाच्या वर पैसे मोजून घरात आणतोयस."

असं बोलायचा त्यांना अधिकार आहे. काचीगुड्याला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९६८ साली सुलतान बाजारातल्या एका उस्तादांच्या हाताखाली ते लागले, तेव्हा मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे सेट दुरुस्तीला येत. मग ट्रान्झिस्टर आले, टेप आले, टीव्ही आले. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर मांडवामागे बसून रात्रीतून चालू करून देणं हेही त्यांचंच काम. गिटारवाल्यांच्या गप्पांत आदर्श अ‍ॅम्पचा विषय निघाला की नावं घेतली जातात: फेंडर, व्हॉक्स, मार्शल. त्या नावांमागची कारणं मी पहिल्यांदा ऐकली ती मामांकडून, आणि त्यातली निम्मी मला मान्य नव्हती. तो वाद पुढे तीन रविवार चालला.

"आधी सांग, अ‍ॅम्प्लिफायरचं काम काय?"

"आवाज मोठा करणं."

"आणि काय करायचं नाही?"

"त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही."

"हौ. मग तुझी पेटी नापास." मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बारा इंची एकच स्पीकर, जोडीला ट्वीटर नाही, त्यामुळे पाच हजार हर्ट्झच्या पुढे आवाज झपाट्यानं उतरतो. टोनचं सर्किट असं की मधल्या पट्टीतले सूर खाली दबलेले. वर आवाज वाढवला की लाट फाटते. "असा सेट दुकानात आला असता तर मी दोष शोधत बसलो असतो."

"मामा, तो रेकॉर्ड ऐकायचा अ‍ॅम्प नाही. तो वाद्याचा अर्धा भाग आहे. माझ्या गिटारला पोट नाही, भरीव लाकडाची फळी आहे. तिचं पोट म्हणजे ही पेटी. तंबोऱ्याचा भोपळा काढून ठेवा आणि नुसत्या दांडीवर तारा छेडा. काय उरेल?"

मामा काही बोलणार तोच आतून मामी आल्या. मामींचं माहेर मिरजेचं, सतारमेकरांच्या गल्लीला लागून. लहानपणी त्या गाणं शिकल्या आहेत. "आणि लाट फाटते म्हणता ना," त्या मामांना म्हणाल्या, "मग जवारीचं काय? तुमच्या हिशोबानं जवारीसुद्धा दोषच झाला."

या एका वाक्यानं वादाचं वळण बदललं. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ कारागीर किंचित उताराची घासतो. तार तिथं नुसती टेकत नाही, निसटती शिवत राहते, आणि त्या शिवण्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर उमलतात. तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत ती जागा शोधायची. धागा केसभर इकडे झाला तर आवाज बोथट, केसभर तिकडे झाला तर नुसती करकर. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनामागे लाकूडकामाइतकीच ही घासण्याची विद्या आहे. आवाजात मुद्दाम मिसळलेली भर आपल्या संगीताला परकी नाही. फक्त ती कुठं थांबवायची हे कळणारा कान लागतो.

मामांनी मान डोलावली. "ठीक. फाटणं हवंय हे मान्य. आता वाद एवढाच, कसं फाटलेलं हवंय."

त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर एक लाट काढली, गोल डोक्याची. शेजारी तीच लाट, पण वरून सुरीनं कापल्यासारखी सपाट. आणि तिसरी, जिचं डोकं दाबलेल्या उशीसारखं हळूहळू बसकं झालेलं. "ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत इमानदार राहतो आणि मग एकदम असा कापतो. कानाला ते खरखरतं. व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा थोडा दबायला लागतो. वर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर दबतो. आणि रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असेल तर जोराच्या फटक्याला व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, मग सावरतं. आम्ही याला कमजोरी म्हणायचो."

"तीच कमजोरी माझ्या बोटांना कळते, मामा. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर चिडल्यासारखं. गिटारवरचं बटण थोडं मागे घेतलं की पुन्हा शांत. पायाखाली पेडलची गरज नाही, हाताचा जोरच पेडल."

"हे मी ऐकून सांगू शकत नाही, तुझ्या हातालाच माहीत," ते म्हणाले. असं प्रामाणिकपणे कबूल करणं हा मामांचा स्वभाव. पण लगेच पुढे: "मग तो रोलंडचा जॅझ कोरस? १९७५ पासून आजपर्यंत चालू आहे म्हणतोस. साठ-साठ वॅटचे दोन, सगळा ट्रान्झिस्टर. त्याला कुणी स्वप्न म्हणत नाही?"

म्हणतात. स्वच्छ आवाजासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही असं मानणारे कितीतरी वादक आहेत. मी ते मान्य केलं, आणि हेही सांगितलं की त्याच अ‍ॅम्पला जोरानं फाटायला लावलं तर फार थोड्यांना ते आवडतं. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न अर्धाच आहे. अ‍ॅम्पला कुठपर्यंत ढकलणार, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दुसऱ्या रविवारी मी इतिहास घेऊन गेलो. मला वाटलं, थोरामोठ्यांची नावं ऐकून मामा नरमतील. झालं उलटं. प्रत्येक गोष्ट त्यांनी आपल्या बाजूला ओढली.

मी सांगितलं, लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक तरुण गिटारवाले. त्यांना हवा होता अमेरिकेतला फेंडर बासमन, पण तो आयात करायचा तर फार महाग. तेव्हा १९६२ साली मार्शल, त्यांचा दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी बासमनचं सर्किट समोर ठेवून आपला अ‍ॅम्प बनवला, जेटीएम ४५.

"थांब. सर्किट तेच?"

"जवळजवळ तेच."

"मग आवाज वेगळा का?"

"सुटे भाग इंग्लंडचे. पहिल्या टप्प्याला बासमनपेक्षा जास्त गेनचा ईसीसी ८३. आउटपुटला थोड्याच दिवसांत अमेरिकन व्हॉल्व्ह जाऊन तिकडचे केटी ६६ आले. ट्रान्सफॉर्मर तिकडचेच. जेन्सनच्या जागी सेलेस्टियनचे स्पीकर. फेंडरची पेटी मागून उघडी, यांची बंद."

मामा खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे गुजराती गल्ली!"

ज्यांना कोठी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हैदराबादच्या कोठीत गुजराती गल्ली आहे. रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे कोन, काय हवं ते त्या अरुंद गल्लीत मिळतं. हवं ते नेमकं मिळालं नाही तर दुकानदार त्याच्या जवळचं काढून देतो आणि म्हणतो, "ये लगाके देखो, चल जाता." मामांचं सगळं शिक्षण या वाक्यावर झालेलं. "त्या पोरांनी तेच केलं," ते म्हणाले. "बाजारात जे मिळालं ते लावलं आणि कानानं पारखलं. जगाला जो आवाज स्वप्नातला वाटतो, तो त्यांच्या गल्लीत मिळणाऱ्या मालाचा आवाज आहे. आणि तू काय करतोयस? दुसऱ्याच्या गल्लीतला माल साठ वर्षांनी जहाजानं मागवतोयस."

मला हे लागलं. खरं तर या वादातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मग पुरावे मामांच्याच बाजूला जमत गेले. लिंक रे यानं १९५८ च्या त्याच्या गाजलेल्या रेकॉर्डसाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली एल्पिको नावाच्या एका किरकोळ हिरव्या अ‍ॅम्पचा कोन ब्लेडनं चिरला आणि त्या चिरलेल्या आवाजावर पुढच्या रॉकची एक पायवाट पडली. क्वीनचा बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडलं. ते त्यानं पुस्तकांच्या फळीवर बसेल एवढ्या स्पीकरच्या पेटीत घातलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. क्वीनचाच गिटारवाला ब्रायन मे यानं त्या खोक्यातून गिटारचे थरावर थर रेकॉर्ड केले, व्हायोलिनचा ताफा वाटावा असे.

"बोर्ड कुठलं? व्हॉल्व्हचं?"

"नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टर."

मामांचा चेहरा उजळला. जर्मेनियमचे ते छोटे ट्रान्झिस्टर त्यांनी शेकड्यांनी बदलले आहेत. उन्हाळ्यात तापले की त्यांचं वागणं बदलायचं, ते आवाजातही उतरायचं. "बघ," एवढंच म्हणाले.

मी शेवटचा पत्ता टाकला: अलेक्झांडर डम्बल. कॅलिफोर्नियातला हा एकटा कारागीर, २०२२ च्या जानेवारीत वारला. आयुष्यभरात त्यानं हातानं बनवलेले अ‍ॅम्प काही शेच असतील. आज त्यातला एखादा विकायला निघाला तर लाख डॉलरच्या पुढे बोली जाते. सान्ताना, स्टीव्ही रे व्हॉन, रॉबेन फोर्ड ही त्याची गिऱ्हाइकं. तो आधी वादकाला वाजवताना ऐकायचा, त्याचा हात कसा पडतो ते बघायचा आणि त्या हातासाठी अ‍ॅम्प बांधायचा.

"हा खरा कारागीर," मामी म्हणाल्या. "आमच्याकडेही तसंच. गवई आला की आधी त्याचा षड्ज विचारायचे, मग तंबोऱ्याला हात लावायचे."

मी पुढचं सांगितलं. डम्बल सर्किटच्या मधल्या भागावर घट्ट राळ ओतायचा, म्हणजे कुणाला नक्कल करता येऊ नये.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे दुरुस्तही करता येऊ नये."

"तो स्वतः करून द्यायचा."

"आणि आता? तो गेला. आतला कंडेन्सर वाळला तर?"

दोघंही गप्प झालो. मला डम्बलबद्दल आदर आहे, तो कमी झालेला नाही. पण त्या दिवशी स्वप्नातल्या अ‍ॅम्पची एक अट माझ्या मनात पक्की झाली: त्याचं झाकण उघडता आलं पाहिजे आणि आत काय आहे ते जवळच्या माणसाला वाचता आलं पाहिजे. डिलक्स रिव्हर्ब या कसोटीला उतरतो. त्याचं जुनं सर्किट जगजाहीर आहे. नव्या आवृत्त्यांतले भाग छापील बोर्डावर बसवलेले असले तरी हात घालता येतो. व्हॉल्व्ह मात्र बाहेरून आणावे लागतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं साठच्या दशकात फिलिप्सच्या मदतीनं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. मामांकडे त्यांची काही न उघडलेली खोकी अजून आहेत. ते उत्पादन केव्हाच थांबलं. आज जगातले बहुतेक नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीन देशांतून येतात. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियातल्या सारातोवच्या कारखान्यातून माल बाहेर जाणं अडलं, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांनी घाबरून व्हॉल्व्ह साठवले होते.

तिसरा रविवार हिशोबाचा. त्या दिवशी मामांची अकरावीतली नातही होती. कानाला हेडफोन लावून ती कोपऱ्यात गिटार वाजवत होती, तार लॅपटॉपला जोडलेली.

"तू राहतोस गोलनाक्याला," मामा म्हणाले. "खोली केवढी?"

"दहा बाय अकरा."

"भिंतीपलीकडे?"

"एक आजी आणि पाच महिन्यांचं बाळ."

पुन्हा पाकीट, पुन्हा पेन. गिटारचा बारा इंची चांगला स्पीकर एक वॅट दिला तर एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतो. एकाचे दहा वॅट केले की दहा डेसिबल वाढतात, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. बावीस वॅटला सुमारे ११३. आता उलट्या दिशेनं या: एक दशांश वॅटला ९०, एक शतांश वॅटला ८०. "केंद्र सरकारचे २००० सालचे नियम आहेत," मामांनी आठवण दिली. मांडवाच्या कामामुळे ते त्यांना तोंडपाठ. "निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. तुझ्या भिंतीनं काही आवाज खाल्ला असं धरलं तरी एक शतांश वॅटच्या वर तू जाऊ शकत नाहीस. मग बावीस वॅटमधल्या त्या गोड दबण्याचं काय? तो व्हॉल्व्ह तुझ्या घरात जागाच होणार नाही. घोडा घेऊन तू त्याला गॅलरीत बांधून ठेवणार."

आणि एक. डिलक्सचा मोठा दादा ट्विन रिव्हर्ब, ८५ वॅटचा. वजन तीस किलोच्या घरात. वॅट जवळजवळ चौपट, पण आवाज जास्त किती? सहा डेसिबल. मी तो आकडा दोनदा करून बघितला. इतकी वर्षं मी वॅट मोजत होतो आणि मोजायला हवा होता स्पीकर. एखादा स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबल तेज असेल तर तो वॅट दुप्पट केल्यासारखाच आहे, आणि किंमत कितीतरी कमी.

"मग माझंच बरोबर," नात हेडफोन काढून म्हणाली. "यात डिलक्सपण आहे, मार्शलपण, डम्बलपण. आजीला त्रास नाही, बाळाला त्रास नाही." तिच्या प्रोग्राममध्ये खऱ्या अ‍ॅम्पला ठरावीक आवाज पाठवून, तो त्यांचं काय करतो हे टिपून, त्याची गणिती प्रतिकृती केलेली असते. स्पीकर, पेटी आणि पुढचा माईक यांचा ठसा वेगळा घेतलेला. केम्पर कंपनीनं गेल्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मंचावर आणली. आज मोठमोठे वादक दौऱ्यावर पेटीऐवजी वहीएवढं यंत्र नेतात. मी तिचा हेडफोन लावला. आवाज उत्तम होता. डोळे झाकून ऐकला असता तर रेकॉर्डिंगमध्ये मला फरक सांगता आला नसता, हे मी इथं स्पष्ट लिहितो.

"पण बाळा," मी तिला म्हटलं, "एक स्वर लावून गिटार स्पीकरकडे फिरव बरं."

"स्पीकर कुठाय?"

तेच. स्पीकरमधून निघालेली हवा तारेवर आदळते, तार पुन्हा हलते, तो स्वर मावळायच्या ऐवजी फुलत जातो, कधी वरच्या सप्तकात उडी मारतो. वादक दोन पावलं सरकला की तो स्वर बदलतो. जिमी हेंड्रिक्सनं या देवाणघेवाणीचं वाद्य केलं. तिच्या प्रतिकृतीत कुणाच्या तरी खोलीत ठेवलेला अ‍ॅम्प होता, तिची स्वतःची खोली नव्हती. तार आणि हवा यांची गाठच पडत नव्हती.

"मोठा स्पीकर जोडला की पडेल," ती म्हणाली. हेही खरं. मला तिला हरवायचं नव्हतं. तिच्या वयात माझ्याकडे असं काही असतं तर मी दुप्पट वाजवलं असतं.

मामा मात्र दुसऱ्याच विचारात होते. "'दम मारो दम' १९७१ चं. त्यातली गिटार भूपिंदर सिंगची. आम्ही ती कशावर ऐकली? दुकानातल्या सेटवर, पाऊस असला तर खरखरीसकट. तो अ‍ॅम्प कोणता होता हे दुकानात एकानं विचारलं नाही. गिटार मात्र सगळ्यांनी ऐकली."

"ती वाजवणाऱ्यानं आधी स्वतः ऐकली, म्हणून तशी वाजली," मी म्हणालो. "वादकाला जे ऐकू येतं त्यावर त्याचा हात चालतो. श्रोत्याला अ‍ॅम्प कळला नाही तरी चालेल. वादकाला कळलाच पाहिजे." यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी म्हणाल्या, "बरोबर आहे. तंबोरा गवयासाठी असतो."

मग मी जाताजाता एक सर्किट दाखवलं. फेंडरच्याच, पण सगळ्यात छोट्या अ‍ॅम्पचं: चॅम्प. नवशिक्यांसाठी बनवलेला, आठ इंची स्पीकर, पाच वॅट. १९७० साली एरिक क्लॅप्टननं आपल्या 'लैला' अल्बमच्या वेळी हाच चिमुकला अ‍ॅम्प वापरला. पन्नासच्या दशकातल्या त्याच्या सर्किटात मोजून तीन व्हॉल्व्ह: एक बारा एएक्स सात, एक सहा व्ही सहा, एक रेक्टिफायर.

मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बोट पहिल्या व्हॉल्व्हवरून आउटपुटला, तिथून ट्रान्सफॉर्मरला. आणि ते काचीगुड्याच्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, "अरे, ये तो रेडिओ है!"

रेडिओच होता. पुढचा स्टेशन पकडायचा भाग वगळा, मागे जे उरतं ते हेच. असे शेकडो सेट त्यांच्या हाताखालून गेले होते. पाच वॅटचा व्हॉल्व्ह बावीस वॅटच्या मानानं पुष्कळ आधी दबायला लागतो. घरात तोही जास्तच. पण आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्ती खाणारा एक जोड टाकला की आवाज खाली येतो. त्या जोडानं आवाजाचा रंग थोडा बदलतो, हे मामांनीच आधी सांगून टाकलं.

डिलक्सचे पैसे आता बँकेतच राहतील. आम्ही चॅम्पच्या धर्तीवर अ‍ॅम्प बांधतोय. इंग्लंडच्या पोरांसारखेच आमचेही भाग आमच्या बाजाराचे: सहा व्ही सहाच्या जागी मामांच्या खोक्यातला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल ८४, आणि त्याला साजेसे बदल. पेटी सागवानाची नको, मामा म्हणतात, साध्या पाइनची करू, हलकी. मला बारा इंची स्पीकर हवाय, त्यांना दहा इंची. यावर अजून एकमत नाही. व्हॉल्व्हशिवाय हेच झालं असतं असं ते आजही म्हणतात आणि मी आजही नाही म्हणतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर गेल्या शनिवारी कोठीत दिली. वाइंडरनं पंधरा दिवस सांगितलेत.

वाचकांकडे एक मागणं. घराच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर तो भंगारात किलोवर देऊ नका. आतले व्हॉल्व्ह आता आपल्या देशात बनत नाहीत. आणि कुतूहल म्हणून त्याची पिन लावू नका, पाठही उघडू नका. त्या काळच्या बऱ्याच सेटांत मेन ट्रान्सफॉर्मर नसे, पत्र्याच्या सांगाड्यातच वीज उतरलेली असे. शिवाय पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. गावातला एखादा जुना रेडिओवाला अजून असेल. सेट त्याच्याकडे न्या.